अतवाच्या पोटातला जांभळा जिन

कफ्र सनाबिल गावच्या कालव्याकाठी शेख सिराजने भाड्याने घेतलेल्या अंगणात त्या गुरुवारी इतकी गर्दी होती, की बदकांनासुद्धा जमिनीवर पाय टेकायला जागा नव्हती. बदकं माणसांच्या काखेत होती. शेख सिराज पैशाला शिवत नाही, हे त्याने गावात पाऊल टाकलं त्याच दिवशी जाहीर केलं होतं. जिनांना नोटा काय कामाच्या? त्यांना लागतं बदक, तेही चांगलं पोसलेलं, आणि ते आणून द्यायचं शेखच्या मेहुण्याकडे. महिनाभरात जिनांनी एवढी बदकं फस्त केली होती की मेहुण्याच्या गालांवर तुकतुकी आली होती.

"निघ!" आतून शेखचा आवाज गरजला. "निघ, ए समुद्रतळाच्या राजाच्या नापास पोरा! या बिचाऱ्याच्या मूत्राशयात बिऱ्हाड करायला तुला दुसरी जागा मिळाली नाही का? रंग दाखव आणि चालता हो!"

पडद्याआडून एक म्हातारा सलवारीची नाडी बांधत बाहेर आला. त्याच्या मागून मेहुण्याने पितळेचं भांडं दोन्ही हातांवर धरून आणलं आणि लोकांपुढे वाकवलं. आत जांभळं पाणी. गडद, शाईसारखं. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा किणकिणाट केला, दोन बदकं घाबरून ओरडली, आणि म्हातारा स्वतःच्याच मुताकडे पाहून रडायला लागला.

शेखच्या उजव्या हाताला एका लाल खुर्चीवर अतवा बसला होता. त्याच्या हातात चहाचा पेला. या अंगणात जिनाने रंग दाखवला तो सगळ्यात आधी अतवाच्या पोटातून, म्हणून ती खुर्ची त्याची. नवा माणूस आला की शेख बोट दाखवायचा, "विचारा याला!" आणि अतवा मान डोलवून म्हणायचा, "खरं आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं." आयुष्यभर शेतांना पाणी देणारा डिझेलचा पंप चालवलेल्या माणसाला गावाने खुर्ची दिली ती ही पहिलीच.

अंगणाच्या टोकाला तुतीच्या झाडाखाली उभा राहून बस्युनी हे सगळं पाहत होता, आणि त्याच्या जिवाचा संताप होत होता.

बस्युनी म्हणजे गावच्या आरोग्य केंद्रातला निवृत्त तपासनीस. अडतीस वर्षं त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गावाची लघवी तपासली होती. त्याला सगळे उस्ताद म्हणत, पण रस्त्यात भेटला की जरा अंग चोरत, कारण गावातल्या यच्चयावत पुरुषांचं डबडं या माणसाने उघडून पाहिलेलं होतं. तो आणि अतवा एकाच वयाचे. दोघं लहानपणी एकाच कालव्यात डुंबले, दोघांना एकाच उन्हाळ्यात लाल लघवी झाली, आणि दोघं छाती काढून गावभर फिरले. कारण त्या काळी तिथली समजूतच अशी होती, की पोराला लाल झालं म्हणजे पोरगा मर्द झाला. आया शेजारणींना सांगत, बाप मिशीत हसत. कालव्यातल्या गोगलगाईंतून येणारा एक किडा कातडीतून आत शिरतो आणि मूत्राशयात अंडी घालून बसतो, हे बस्युनीला पुढे नोकरी लागल्यावर कळलं. तेव्हापासून 'मर्दानगी' हा शब्द ऐकला की त्याला हसू यायचं आणि रागही यायचा.

तीन महिन्यांपूर्वी अतवाला पुन्हा लाल झालं. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसतं रक्त. त्याने ते बस्युनीला सांगितलं ते सुद्धा हसत हसत, "उस्ताद, मी पुन्हा वयात येतोय बघ." बस्युनीने थेंब काचेवर घेतला आणि त्याचं हसू मावळलं. किड्याची अंडी नव्हती. रक्त मात्र भरपूर होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने अतवाला ओढत शहरातल्या इस्पितळात नेलं.

कॅन्सरच निघाला. पण डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक फुगा काढून नीट समजावलं होतं. गाठ फुग्याच्या आतल्या अस्तरावरच आहे, भिंतीत उतरलेली नाही. वाटेनेच दुर्बीण घालून ती खरवडून काढू. मग सहा रविवार, एका नळीने मूत्राशयात औषध भरायचं. गाठ खरवडली तरी तिचे डोळ्यांना न दिसणारे कण मागे उरतात, त्यांना ते औषध मारतं. मूत्राशय शाबूत राहील. "पण हे अर्धवट सोडलं आणि गाठ पुन्हा उगवून भिंतीत उतरली," बाई म्हणाल्या होत्या, "तर मला मूत्राशयच काढावं लागेल. मग कमरेला पिशवी, जन्मभर. तीही जीव वाचला तर."

गाठ खरवडून झाली. सहा रविवार नेमले गेले. आणि अतवाने घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर शपथ घातली.

त्या मुलखात पुरुषांची शपथ घ्यायची एक तऱ्हा आहे. शब्दाला वजन हवं असलं की ते स्वतःच्या बायकोचा तलाक पैजेला लावतात. अतवाने बस्युनीसमोर मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "ती नळी कुठून घालतात हे गावात कळलं तर मी तोंड दाखवणार नाही. बस्युनी, तुझ्या तोंडून हे कुणाला कळलं, तर माझ्या तफीदाला तीन तलाक!" त्याच वेळी तफीदा चहा घेऊन आत येत होती. पस्तीस वर्षांचा संसार दुसऱ्याच्या जिभेला बांधला गेला, हे तिने दारातच ऐकलं. तिने पेले ठेवले, साखर ढवळली आणि निघून गेली.

गावाला सांगितलं गेलं, की अतवा पंपाचा सुटा भाग शोधायला शहरात जातो.

पहिला रविवार ठीक गेला. दुसऱ्या रविवारी औषध पोटात घेऊन अतवा गाडीत बसला. दोन तास रोखून धरायचं आणि घरी जाऊन मोकळं व्हायचं, असं बजावलेलं होतं. कालव्याजवळ शेखच्या एका भक्ताची गाढवगाडी अरुंद रस्त्यात आडवी अडकलेली, गाडी जागेवरून हलेना. दोन तास होऊन गेले. अतवाला घाम फुटला. शेवटी तो गाडीतून उडी मारून समोरच्या अंगणात घुसला आणि "अरे, जागा दाखवा कुणीतरी!" म्हणून ओरडला. मेहुण्याला वाटलं भक्त आला. त्याने हातात पितळेचं भांडं दिलं आणि पडद्याआड ढकललं.

भांड्यात आलं ते जांभळं होतं.

तोवर शेख सिराजचा धंदा जेमतेमच चालला होता. ताईत, दोरे, फुंकर, आठवड्याला चार-पाच बदकं. जांभळी लघवी त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण तयारीचा माणूस. क्षणभर त्याचेही डोळे पांढरे झाले, मग त्याने उजवा हात मनगटापर्यंत भांड्यात बुडवला, छातीवर थापला आणि आरोळी ठोकली, "जिन निघाला!"

तेव्हापासून अतवा लाल खुर्चीवर होता.

तिसरा रविवार आला, अतवा इस्पितळात गेला नाही. इस्पितळातून तफीदाला फोन आला. तिने नर्सला रंगाचं विचारलं, तर नर्स म्हणाली, "औषधच जांभळं असतं, बाई! मी त्यांना सांगितलं होतं. पण मी बोलायला लागले की ते छताकडे बघत बसतात."

बस्युनी अतवाच्या घरी जाऊन भांडला होता. "अरे शहाण्या, तो औषधाचा रंग आहे!"

"मग पहिल्या रविवारी का नव्हता?"

"पहिल्या रविवारी तू घरच्या अंधाऱ्या मोरीत मुतलास! तिथे काय तुला दिवा लावून बघायचं होतं?"

"नर्सला मी परत यायला हवाय, म्हणून ती तसं सांगते. आणि हे बघ, रक्त थांबलंय की नाही?"

"गाठ खरवडल्यावर थांबणारच. आणि या रोगाचं रक्त नुसतंही थांबतं, अतवा. महिना थांबतं, दोन महिने थांबतं, आणि आत गाठ मजेत वाढत असते. रक्त थांबलं म्हणजे रोग थांबला असं नसतं रे!"

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही," अतवा म्हणाला होता. मग आवाज उतरवून, "ती नळी फार जळते रे बस्युनी. आणि त्या पोरीसमोर उघडं पडायचं... इथे मला लोक खुर्ची देतात."

गावाला खरं सांगावं तर तोंडाला शपथेचं कुलूप. तफीदाचा संसार मोडून अतवाचं मूत्राशय वाचवायचं, असा सौदा त्याला जमेना. म्हणून तो तीन दिवस तुतीखाली उभा राहून भांड्यावर नजर ठेवत होता. आणि अडतीस वर्षं काचा धुतलेल्या माणसाला जे खटकायचं तेच त्याला खटकलं. दर माणसाला आतून नवं भांडं येई. ते आतून धुपाच्या काजळीने काळंकुट्ट असे. आणि शेखची सक्त ताकीद होती, 'भांड्याला आधी पाणी लागलं तर जिन बिथरतो.' दुसरी गोष्ट मेहुण्याच्या नखांची. ती जांभळी होती. जंतू रंगवून पाहण्याच्या कामामुळे बस्युनीची स्वतःची नखं वीस वर्षं तशीच होती. पोरांचं तोंड आलं की आया जे जांभळं औषध लावतात ना, तोच रंग. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो.

गुरुवारी सकाळी तो मशिदीचे इमाम अब्दुल-बारी यांना आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. इमाम साधे, सरळ गृहस्थ. शेखवर त्यांचा विश्वास नव्हता, पण गर्दीपुढे बोलायचा धीरही नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत बस्युनीने एक बाटली भरली, बूच लावलं, आणि आता तो तीच बाटली उंच धरून गर्दीतून पुढे निघाला.

"वाट द्या! आजारी माणूस आहे!"

"उस्ताद, तुम्ही?" लोक चकित झाले.

"मला काय मूत्राशय नाही?" बस्युनी म्हणाला. "शेखसाहेब, गावभराचं बघितलं, पण चारचौघांत स्वतःचं द्यायची लाज वाटली. घरून भरून आणलंय. चालेल ना?"

शेखच्या चेहऱ्यावर तूप ओतल्यासारखं तेज आलं. गावातला सगळ्यात मोठा शंकेखोर स्वतःहून चालत आला होता! "जिनाला घर काय नि अंगण काय," तो उदार होऊन म्हणाला. त्याच्या उजव्या हाताला हिरवं फडकं गुंडाळलेलं होतं. अतवाच्या जिनाने जाता जाता चावा घेतला, असं तो सांगत असे. बाटलीतलं पिवळं पाणी त्याने भांड्यात ओतलं, धुपाचा ढग सोडला आणि डोळे फिरवले.

"अरेरे! हा तर विद्वान जिन! पुस्तकं वाचलेला! याच्या पोटात अडतीस वर्षं बसून यानेच याला नास्तिक केलं! निघ, ए पंडिता, निघ!"

मेहुण्याने भांडं वाकवलं. जांभळं!

बायकांचा किणकिणाट सुरू झाला. कुणीतरी बस्युनीच्या पाठीवर थाप मारली. अतवा खुर्चीतून उठून म्हणाला, "बघ! बघ, मी सांगत नव्हतो?"

बस्युनीने बाटली उजेडात धरली. तळाला अजून घोटभर उरलं होतं. त्याने बाटली तोंडाला लावली आणि एका घोटात रिकामी केली.

अंगणात असा काही आवाज उठला की सांगता सोय नाही. एक बाई तोंड दाबून भिंतीकडे पळाली. मेहुण्याच्या हातातलं भांडं डगमगलं.

"साखर जरा कमी पडली," बस्युनी मिशी पुसत म्हणाला. "पण मेथ्या ताज्या होत्या. इमामसाहेब, सांगा यांना."

इमामांचा आवाज कापत होता, पण ते बोलले. "मेथ्यांचं पाणी आहे. माझ्यासमोर उकळलं, माझ्यासमोर गाळलं. मी पण पेलाभर प्यायलो."

"तर मंडळी," बस्युनी म्हणाला, "माझ्या चुलीवरच्या मेथ्यांत जिन होता. अडतीस वर्षांचा. विद्वान!" त्याने मेहुण्यामागच्या फळीवरून एक कोरडं भांडं ओढलं, पांढरा रुमाल ओला केला, भांड्याच्या आत फिरवला आणि वर धरला. रुमाल जांभळा झाला होता. "ओळखलंत का, बायांनो? पोरांच्या तोंडाला लावता ते. रात्री भांड्यात फासायचं, वाळू द्यायचं, वरून काजळी धरायची. मग मूत ओता, मेथ्या ओता, नाहीतर कालवा ओता. जिन निघणारच! आता या साहेबांच्या मेहुण्याची नखं बघा."

मेहुण्याने हात पाठीमागे नेले. तेवढं पुरलं.

पण शेख सिराज सहज हरणारा नव्हता. त्याने मेहुण्याच्या कानशिलात एक वाजवली आणि छाती पिटून म्हणाला, "दगा! माझ्या घरातच दगा! या गाढवाने हावेपोटी भांडी रंगवली असतील, मला काय ठाऊक? पण अतवाचं काय? त्या दिवशी भांड्यात काही होतं? बोल अतवा!"

"नव्हतं," अतवा ठासून म्हणाला. "घाईत होतो, तरी मी भांडं विसळून घेतलं होतं. पाणी स्वच्छ निघालं. सगळ्यांचं खोटं असेल, माझं खरं आहे!"

गर्दी पुन्हा कुजबुजली. हो की, अतवाचं काय? सगळे बस्युनीकडे बघायला लागले. उस्तादाने तोंड उघडलं आणि मिटलं. शेखने ते बरोब्बर हेरलं. "का? मेथ्या संपल्या?"

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून तफीदा पुढे आली. तिने ओढणीच्या आतून एक मळकं कार्ड काढलं.

"उस्तादांना बोलता येत नाही," ती म्हणाली. "यांनी, आमच्या सलीमच्या बाबांनी, त्यांच्या तोंडावर माझा तलाक लावून ठेवलाय. उस्तादांच्या तोंडून कळलं तर मला तलाक. माझ्या तोंडून कळलं तर काय, ते ठरवायला ते विसरले. बायको बोलेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही."

"तफीदा, घरी चल!" अतवा ओरडला.

"जाऊ ना, हे झाल्यावर जाऊ. मंडळी, हे पंपाचा भाग आणायला जात नव्हते. यांना मूत्राशयाचा कॅन्सर आहे. हे इस्पितळाचं कार्ड. सहा रविवार औषध भरायचंय, दोन झालेत, तिसरा या खुर्चीने खाल्ला. ते औषध जांभळं असतं. ज्या दिवशी जिन निघाला, त्या दिवशी तेच पोटात घेऊन हे या अंगणात आले होते." मग ती शेखकडे वळली. "आणि बाबा, त्या औषधाची बाटली धरायच्या आधी नर्स हातमोजे घालते. तू उघडा हात बुडवलास आणि छातीला फासलंस. जिन चावला म्हणून सांगत फिरतोस, तुझी कातडी औषधाने सोललीय. छाती पण खाजत असेल. दाखव की."

शेखचा हात नकळत छातीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही, पण मग सगळं अंगण हसलं. त्या हसण्याच्या लाटेत शेख पडद्याआड गेला, तो मागच्या दाराने मेहुण्यासकट पसार झाला. बदकं मागेच राहिली.

अतवा मात्र हसत नव्हता. तो तफीदासमोर उभा होता, चेहरा काळाठिक्कर पडलेला. ओठ हलत होते. इमाम लगबगीने मध्ये आले. "शपथ उस्तादाच्या तोंडावर होती, ते तोंड बंदच राहिलं. तलाक झालेला नाही. आणि पुन्हा असली शपथ घातलीस ना अतवा, तर तुला मशिदीत नाही, गोठ्यात उभा करीन."

"माझी अब्रू घालवलीस," अतवा पुटपुटला.

"मूत्राशय राहिलं तर अब्रूचं बघू," तफीदा म्हणाली, आणि तिने कार्ड त्याच्या खिशात कोंबलं. "मला पिशवीवाला नवरा चालेल हो. मेलेला नाही चालणार."

अतवा मटकन खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवरच. लोक हसायचे थांबले. आता हा माणूस आयुष्यभर चेष्टेचा विषय होणार, असं बस्युनीला वाटलं आणि त्याचा जीव गलबलला.

तेवढ्यात गर्दीतून हाज गूदा पुढे आला. सत्तरीचा, हज करून आलेला, मिशाळ, अख्ख्या गावाला दरडावणारा. मघा भांड्यात बघून रडलेला म्हातारा तोच. तो अतवाच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने कुजबुजला, "अतवा, मला चार महिने लाल होतंय. ती नळी... फार दुखतं का रे?"

बस्युनीने पाहिलं, निदान दहा पुरुष पाय न वाजवता दोन पावलं जवळ सरकले होते. शेखने बोलावलं म्हणून नव्हे, अतवाने काय सांगावं ते ऐकायला.

अतवाने सरकून हाजला जवळ जागा करून दिली. मग म्हणाला, "जळतं. खोटं नाही सांगत. घालताना लाज वाटते, आणि नंतर दोन दिवस जळतं. मग थांबतं." तो घुटमळला. "पण मूत्राशय आपलं आपल्याजवळ राहतं, हाज. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. पण आधी उस्तादाला डबडं नेऊन दे. सगळ्यांनाच कॅन्सर असतो असं नाही, कुणाला नुसता किडाही असतो. बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"तू येशील बरोबर?"

"रविवारी मला जायचंच आहे," अतवा म्हणाला.

आता हे वाचणाऱ्यांना एकच सांगणं. लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, न दुखता दिसलं आणि आपोआप थांबलं, तरी ते तपासून घ्या. रक्त थांबवण्याचं श्रेय घ्यायला शेख, बुवा, बाबा रांगेत उभे असतात, कारण ते पुष्कळदा आपलं आपणच थांबतं आणि त्यांना काही करावं लागत नाही. लवकर कळलं तर या रोगावर इलाज आहे, आणि मूत्राशय न काढताही तो करता येतो. त्यासाठी जिन काढावा लागत नाही, लाज काढून ठेवावी लागते, तीही डॉक्टरच्या दारात, पाच मिनिटांपुरती. कफ्र सनाबिलमधून त्या रविवारी सकाळच्या गाडीने चौदा पुरुष शहरात गेले, आणि विचारणाऱ्याला त्यांतल्या एकानेही पंपाचा भाग आणायला चाललोय असं सांगितलं नाही.